‘पाइपच तर आहे’ म्हणणाऱ्यांना

हातातले पाने खाली ठेवा आणि सगळे इकडे या. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या. आज जे सांगणार आहे ते कुणाच्या कानावरून गेलेलं मला चालणार नाही.

काल दुपारी तुम्ही टेम्पोच्या इंजिनावर टर्बो बसवलात. इंजिन सुरू झालं, थोड्याच वेळात सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, इंटरकूलरच्या होजमध्ये तेल साचलं आणि तुमच्या गटाने जॉब कार्डावर लिहून टाकलं, ‘टर्बो खराब, बदलावा.’ खाली सगळ्यांच्या सह्या. मी तो टर्बो उतरवला. शाफ्ट बोटाने फिरवून पाहिला, मोकळा फिरला. प्ले मोजला, मापात होता. व्हील कुठेही घासलेलं नव्हतं. मग तेल खाली नेणारा रिटर्न पाइप काढला. फ्लँजखालचं पॅकिंग उलटं बसलेलं, त्यामुळे निम्मं भोक झाकलेलं. खालचा रबरी होज लांब झाला म्हणून कापायचे कष्ट न घेता तसाच कोंबलेला, मधोमध दुमडलेला. तेल आणणाऱ्या वरच्या फीड पाइपच्या फ्लँजला सिलिकॉनचा लपका. टर्बो चांगला होता. चूक तुमच्या हातांची होती आणि ती तुम्ही त्याच्या नावावर लिहिलीत.

जाब विचारला तेव्हा उत्तर आलं, ‘सर, पाइपच तर आहे.’

हे वाक्य या वर्कशॉपमध्ये मला पुन्हा ऐकायचं नाही. या वाक्यानेच टर्बो मरतात. बहुतेक टर्बो म्हातारपणाने मरत नाहीत. तेल कमी पडून, तेल घाण होऊन किंवा तेल अडून मरतात, आणि या तिन्ही गोष्टींची वाट त्या दोन पाइपांतून जाते.

तुम्ही नक्की काय हाताळता आहात, ते आधी आकड्यांत ऐका. टेम्पो जोरात पळत असतो तेव्हा क्रँकशाफ्ट मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे मारतो. त्याच वेळी टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड लाखाच्या घरात जातो. लहान गाड्यांचे टर्बो दोन लाखांच्याही वर जातात. दीड लाख म्हणजे सेकंदाला अडीच हजार फेरे. एका टोकाला सहाशे-सातशे अंश सेल्सिअसचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मधल्या हाउसिंगमध्ये दोन छोटी बुशं. तीही घट्ट ठोकलेली नसतात. ती तेलात तरंगतात आणि शाफ्टच्या मागोमाग स्वतःही फिरतात. बुश आणि शाफ्ट यांच्यात अंतर असतं मिलिमीटरच्या काही शतांशांचं. त्या अंतरात तेलाचा थर आहे तोवर धातूला धातू शिवत नाही. थर तुटला की बुश जळायला काही सेकंद पुरतात.

तेल तिथे दोन कामं करतं. शाफ्टला उचलून धरतं आणि उष्णता घेऊन खाली जातं. म्हणून तेलाचं येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्याचं जाणं. तुमच्यातल्या कित्येकांना येण्याची थोडीफार फिकीर आहे. जाण्याची कुणालाच नाही.

फीड पाइपपासून सुरुवात करू. काल तुम्ही जुना पाइप डिझेलमध्ये बुडवलात, बाहेरून घासून चकचकीत केलात आणि लावलात. आतून पाहिलात का? हा पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून जातो. गरम इंजिन एकदम बंद केलं की पाइपात थांबलेलं तेल भाजून निघतं आणि त्याचा काळा कोळसा आतल्या भिंतीला चिकटतो. असे थरावर थर चढतात. बहुतेक टर्बोंवर हा पाइप आतून जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा असतो, त्यात कोळसा बसल्यावर काय उरणार? तुम्ही फुंकून पाहता, हवा आरपार जाते आणि तुम्ही ‘साफ आहे’ म्हणून मोकळे होता. हवा गेली म्हणजे पुरेसं तेल जाईल असं नसतं. शिवाय डिझेलमध्ये भिजून सुटलेला कोळशाचा कण पहिल्याच सेल्फला थेट नव्या बुशात जाऊन बसतो. म्हणून नियम पाठ करा. टर्बो नवा, तर फीड पाइप नवा. इंजिन ऑइल नवं, फिल्टर नवा. यात सवलत नाही.

फीड पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालायचे. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मग गळती दिसते आणि तुम्ही बोल्ट आणखी आवळता. शेवटी हाउसिंगचे आटे जातात. बोल्ट हरवला म्हणून डब्यातला दुसरा कुठलाही उचलून लावू नका. काही बँजो बोल्टांचं भोक कंपनीने मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. टर्बोला किती तेल मिळावं हे ते भोक ठरवतं. बॉल बेअरिंगच्या टर्बोंना तर बऱ्याचदा एक मिलिमीटरच्या आसपासच्या भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो. तो अडथळा आहे असं समजून काढून टाकणारे लोक आहेत. तेल जास्त गेलं की तेही वाहून जायला जागा शोधतं, आणि ती जागा शाफ्टच्या टोकांना सापडते. कमी तेलाने बुश जळतं, जास्त तेलाने टर्बो गळतो. माप कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते वाचा.

आता सिलिकॉन. फीड पाइपच्या फ्लँजला सिलिकॉन लावायचं नाही. थोडं नाही, पातळ थर नाही, अजिबात नाही. बोल्ट आवळला की ते बाहेर येतं तितकंच आतही दाबलं जातं. गरम तेलात त्याचा तुकडा सुटतो आणि बुशाच्या तेलाच्या भोकाशी जाऊन अडकतो. टेफ्लॉन टेपचंही तसंच, तिचा धागा सुटून आत जातो. त्या जागेसाठी कंपनीने पॅकिंग दिलेलं आहे, तेच लावा. पृष्ठभाग सपाट नसेल तर तो सपाट करा. गळती झाकण्यासाठी सिलिकॉन फासणं म्हणजे आपलं काम लपवणं आहे, आणि लपवलेलं काम गिऱ्हाइकाच्या गाडीत कधी ना कधी उघडं पडतंच.

आता रिटर्न पाइप. कालचा सगळा गोंधळ इथला आहे, म्हणून इथे जास्त वेळ थांबणार आहे.

फीड पाइपमधून तेल दाबाने येतं. बुशातून बाहेर पडलं की तो दाब संपतो. इतक्या वेगाने फिरणाऱ्या शाफ्टने ते घुसळलेलं असतं, त्यात हवा मिसळलेली असते. पातळ, गरम, फेसाळ तेल हाउसिंगच्या तळाशी पडतं. तिथून इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरपर्यंत त्याला ढकलणारं काही नसतं. ते फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं. फेसामुळे त्याचा आकार वाढलेला असतो, म्हणून त्याला जागाही जास्त लागते. फीड पाइप पाच-सहा मिलिमीटरचा आणि रिटर्न पाइप पंधरा मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड का ठेवतात, याचं कारण हे आहे.

तुम्ही सगळे मुंबईच्या उपनगरांत राहता. अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात का तुंबतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी उताराने वाहतं, नाल्यात जातं, नाला समुद्राला मिळतो. भरती आली आणि समुद्राची पातळी नाल्याच्या मुखाच्या वर गेली की वरचं पाणी जाणार कुठे? ते मागे साचतं आणि सगळ्यात खोल जागी चढतं. महापालिकेला त्यासाठी इर्ला, हाजी अली इथे पाणी उपसणारी केंद्रं उभारावी लागली. टर्बोच्या खाली असं केंद्र नसतं. रिटर्न पाइपचं तोंड चेंबरमधल्या तेलाच्या पातळीखाली गेलं, पाइप मध्ये पोट पडून लोंबला, दुमडला किंवा पॅकिंगने भोक झाकलं, तर तेल हाउसिंगमध्ये साचतं आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांकडून वाट काढतं.

तिथे सील नाही का, असं मला काल एकाने विचारलं. प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर बसवण्याआधी माहीत हवं होतं. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतं. त्या उष्णतेत रबर टिकणार नाही. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात. धुराचा आणि हवेचा दाब बाहेरून आत असतो, तेल खाली निघून जात असतं, म्हणून ती जागा कोरडी राहते. रिंगांचं मुख्य काम धूर आणि हवा आत येऊ न देणं. साचलेल्या तेलाला अडवण्यासाठी त्या बनवलेल्याच नाहीत. तुम्ही वाट अडवलीत, तेल एक्झॉस्टमध्ये गेलं, तिथे जळलं, निळा धूर झाला. दुसऱ्या टोकाने ते हवेच्या बाजूला गेलं आणि इंटरकूलर भरला. टर्बोने जे करायचं तेच केलं.

यातही आपल्या शहराची एक अडचण लक्षात ठेवा. गाडी हायवेला पळत असते तेव्हा टर्बोच्या दोन्ही बाजूंना दाब असतो, तो तेलाला थोपवतो. साकीनाक्याला किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी अर्धा तास आयडलिंगवर उभी राहिली की तो दाब जवळजवळ नसतो. रिटर्न पाइप अर्धवट अडलेला असेल तर तेल अशा वेळी सगळ्यात आधी झिरपतं. गाडी रिकाम्या रस्त्यावर फिरवून ‘ठीक आहे’ म्हणू नका. उभी ठेवून, आयडलिंगवर चालवून मगच सांगा.

रिटर्न पाइपचे नियम लिहून घ्या. टर्बोच्या हाउसिंगचं खालचं भोक उभ्या रेषेपासून पस्तीस अंशांपेक्षा जास्त कललेलं नसावं. पाइपला टर्बोपासून चेंबरपर्यंत सलग उतार हवा, कुठेही चढ नको, पोट नको, दुमड नको. त्याचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल ओतू नका, पातळी चढते आणि तेच तोंड बुडतं. टर्बो तेलाच्या पातळीखाली बसवायची वेळ आली, तर तेल ओढून काढणारा वेगळा स्कॅव्हेंज पंप लागतो, नुसत्या पाइपने भागत नाही. होज तेलाला आणि उष्णतेला टिकणारा हवा. डब्यातला रेडिएटरचा होज मापात बसतो म्हणून लावू नका. त्याचं रबर पाण्यासाठी असतं. तेलात ते आतून फुगतं, बाहेरून चांगलं दिसतं आणि आतलं भोक हळूहळू बुजतं.

आणि ब्रीदर. त्याच्याकडे काल एकानेही पाहिलं नाही. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू खाली उतरतोच आणि ब्रीदरमधून बाहेर जातो. ब्रीदर तुंबला किंवा इंजिन झिजून हा वायू वाढला, तर चेंबरमध्ये दाब तयार होतो आणि तो रिटर्न पाइपमधून वर चढतो. मग पाइप कितीही चांगला असला तरी तेल खाली येत नाही. अशा गाडीला एकामागून एक टर्बो बदलले जातात आणि प्रत्येक वेळी शिव्या टर्बोला बसतात. ऑइलचं झाकण काढून वायूचा जोर बघायला मिनिटसुद्धा लागत नाही.

सगळं बरोबर बसवलं तरी काम तिथे संपत नाही. नव्या टर्बोचं बुश कोरडं असतं. फीड पाइप जोडण्याआधी भोकातून स्वच्छ इंजिन ऑइल घाला, शाफ्ट हाताने फिरवा. मग डिझेल बंद ठेवून ऑइलचा दाब दिसेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारा. त्यानंतर इंजिन सुरू करा आणि काही मिनिटं आयडलिंगवरच ठेवा. काल तुम्ही सुरू केल्याबरोबर रेस दिलीत. पहिल्या रेसला बुशात तेल पोचलेलं नसलं तर बुशाचं आयुष्य तिथेच कमी होतं. आणि ड्रायव्हरला सांगायला लाजू नका. गायमुखचा चढ भरल्या गाडीने चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर ठेवायची. ही दोन वाक्यं न सांगता गाडी देणारा मेकॅनिक अर्धंच काम करतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. डिझेल इंजिन हवेच्या बाजूने आलेलं तेल इंधनासारखं जाळू शकतं. इंटरकूलरमध्ये तुमच्यामुळे साचलेलं ते तेल एकदम सिलिंडरकडे ओढलं गेलं असतं, तर इंजिन त्या तेलावरच पळत सुटलं असतं. चावी बंद करून उपयोग नसतो, कारण ते डिझेलवर चालतच नसतं. तेल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत वेग चढत जातो. अशा वेळी हवा बंद करावी लागते, हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून, हात लावून कधीही नाही. गाडी रस्त्यावर असेल तर मोठा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा. बाकीच्यांनी इंजिनाच्या समोरून बाजूला व्हायचं. काल तुमच्यातले तिघे त्या इंजिनावर ओणवे होऊन धूर कुठून येतो ते बघत होते. त्यांना काही झालं असतं तर त्यांच्या घरी मी काय सांगितलं असतं? मी रागावलो आहे तो यासाठी.

तुमच्या सबबी मला ठाऊक आहेत. गॅरेजात असंच करतात, ही पहिली. तुमच्यातले काही जण संध्याकाळी साकीनाक्याला, असल्फ्याला, मुलुंड चेकनाक्याकडच्या गॅरेजांत हात बसवायला जातात. जरूर जा. तिथल्या मिस्त्रींच्या कानाला इंजिन कळतं, त्यांच्याकडून ते शिका. पण एखादा सिलिकॉन लावत असेल तर ‘उस्ताद, पॅकिंगच लावतो’ असं अदबीने म्हणा आणि लावा. चुकीची सवय उचलण्यासाठी तुम्हाला तिथे पाठवलेलं नाही.

तंत्र नवीन आहे, ही दुसरी. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबण्याच्या कल्पनेचं पेटंट 1905 साली घेतलं. डिझेल इंजिनं बनवणारी किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी पुण्यात 1962 साली स्थापन झाली. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू आहे आणि आज टर्बोशिवायचं नवं डिझेल वाहन शोधावं लागेल. बीएस-6 च्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो. त्यात जळक्या तेलाची राख गेली की ती जळून जात नाही, तिथेच साचते. पूर्वी रिटर्न पाइपच्या चुकीने टर्बो जायचा, आता त्याच्या मागोमाग तो महागडा फिल्टरही जातो. चुकीची किंमत वाढली आहे, तशी काळजीही वाढायला हवी.

वेळ नव्हता, ही तिसरी. होज कापायला किती वेळ लागतो? पॅकिंग भोकावर धरून बघायला किती लागतो? वेळ तुमच्याकडे होता. मन नव्हतं.

गाडी कुणाची असते याचाही विचार करा. भिवंडीच्या गोदामातून अंधेरीच्या एमआयडीसीत माल आणणारा टेम्पोवाला स्वतःच मालक असतो आणि स्वतःच ड्रायव्हर. गाडीवर बँकेचा हप्ता असतो. तुम्ही ‘टर्बो खराब’ लिहिलंत की तो उसने पैसे काढून टर्बो आणतो, कारण त्याला यातलं कळत नाही आणि त्याने तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो. नवा टर्बो त्याच दुमडलेल्या होजवर बसतो आणि पुन्हा धूर येतो. मग तो दुसऱ्या गॅरेजात जातो. त्या माणसाचं जे नुकसान झालं ते कुणाच्या नावावर लिहायचं? कारण न शोधता सुटा भाग बदलणं हे काम दुकानातला पोऱ्याही करील. त्यासाठी आयटीआयची पायरी चढायची गरज नाही.

मुलुंड, बोरिवली, कुर्ला, कुठल्याही सरकारी आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचं किंवा मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र घेऊन निघालात की तुमच्या सहीला वजन येतं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तुमच्यातले काही जण उद्या एसटीच्या कार्यशाळेत, काही एखाद्या कंपनीत जातील. त्या एसटीत चाळीस-पन्नास माणसं बसलेली असतील. तिथे रिटर्न पाइपला उतार आहे की नाही हे तपासायला तुमच्या मागे कुणी उभं नसेल.

तुमच्या हातात कसब नाही, म्हणून मी हे बोलत नाही. कालचा टर्बो तुम्ही मॅनिफोल्डवर सरळ बसवला होता, नट सारखे आवळले होते. मोठ्या भागाला जी काळजी दिलीत, ती लहान भागाला दिली नाहीत. लहानाला कमी लेखण्याची ही सवय हातात मुरली की मेकॅनिक म्हणून तुमची वाढ इथेच थांबेल.

कालचं जॉब कार्ड मी फाडलेलं नाही. त्यावरचं ‘टर्बो खराब’ तुम्ही स्वतः खोडाल आणि खरं कारण आपल्या अक्षरात लिहाल. आज तोच टर्बो पुन्हा बसेल. नवा फीड पाइप, नवे वॉशर, नवं पॅकिंग, मापात कापलेला होज, साफ ब्रीदर, रिकामा केलेला इंटरकूलर. त्यानंतर अर्धा तास आयडलिंग. प्रत्येक पायरीला एकाने करायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. यापुढे ज्या जॉब कार्डावर टर्बो का गेला याचं कारण आणि दोन्ही पाइप तपासल्याची नोंद नसेल, त्यावर माझी सही होणार नाही. कामाला लागा.